घरातली चांदी खरी किती आणि मुलामा किती? पेटी उघडल्यापासून वजनापर्यंत

चांदीची म्हणून वर्षानुवर्षं जपलेली पेटी विकायला काढली की माणूस दोन तऱ्हांनी फसतो. एक तर सगळीच चांदी आहे असं धरून मनात मोठा आकडा घेऊन बसतो आणि हाती लागतो मुलामा. नाहीतर समोरचा ‘हा सगळा मुलामाच आहे’ म्हणतो, ते खरं मानून त्या ढिगातले चार अस्सल चांदीचे चमचेही भंगाराच्या भावात देऊन टाकतो. दुसरं नुकसान जास्त वाईट, कारण ते झाल्याचं कधी कळतच नाही.

म्हणून विकण्याआधी घरीच नीट निवड करा. त्यासाठी सोनाराचं ज्ञान लागत नाही. एक भिंग, एक साधं लोहचुंबक, दशांश ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा, पाण्याचा पेला आणि दोरा एवढ्यात नव्वद टक्के प्रश्न सुटतात. यात वस्तूला ओरखडाही येत नाही. कानस आणि तेजाब ही शेवटची पायरी, आणि तीही जाणकाराच्या हातची.

सुरुवातीला काय करू नये

पेटी उघडल्या उघडल्या पॉलिश करायला घेऊ नका. दर घासणीत थोडा धातू जातो. मुलाम्याची वस्तू असेल तर उरलासुरला थरही जातो, आणि चांदीची असेल तर शिक्क्याच्या कडा बोथट होतात. वर्षानुवर्षं चकाकत ठेवलेल्या चमच्यांवरचे शिक्के इतके गुळगुळीत झालेले असतात की भिंगाखालीही फक्त सावली दिसते. धूळ असेल तर कोमट पाणी, साबणाचा एक थेंब आणि मऊ कापड पुरे. शिक्क्याच्या जागी काजळी बसली असेल तर ती तशीच राहू द्या. खाचेतल्या काळ्या रंगामुळे अक्षरं उलट ठळक दिसतात.

दुसरं म्हणजे पेटीतले सगळे नग एकाच जातीचे आहेत असं धरू नका. हरवलेल्या चमच्याच्या जागी कुणीतरी कधीतरी तशाच नक्षीचा दुसरा आणून ठेवलेला असतो. बारा काट्यांपैकी दोन मुलाम्याचे निघणं अगदी नेहमीचं आहे. प्रत्येक नग वेगळा उलटून पाहायचा. वेळ लागतो, पण यात घाई केली की पुढचं सगळं गणित चुकतं.

शिक्का वाचणं

चमच्या-काट्यांवर शिक्का बहुधा दांड्याच्या मागच्या बाजूला असतो. सुरीवर मुठीच्या कडेला किंवा पात्याजवळच्या पट्टीवर, किटलीवर बुडाशी, तबकावर पाठीमागे. दिवा सरळ डोक्यावर ठेवू नका, बाजूने तिरपा प्रकाश पाडा. मग न दिसणारी अक्षरंही वर येतात. मोबाईलने जवळून फोटो काढून तो मोठा करून पाहिला तर भिंगाचंही काम भागतं.

आकडा असेल तर तो हजारी प्रमाण सांगतो. ९२५ म्हणजे हजार भागांत ९२५ भाग चांदी, बाकी बहुतेक तांबं. शुद्ध चांदी रोजच्या वापराला फार मऊ पडते, वाकते, म्हणून हे मिश्रण करतात. यालाच स्टर्लिंग म्हणतात आणि तो शब्दही अनेकदा पूर्ण छापलेला असतो. याशिवाय ९५८, ९५०, ९००, ८७५, ८३५, ८३० आणि ८०० हे आकडे भेटतात. ८३० हा आकडा स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भांड्यांवर नेहमी दिसतो, ८०० जर्मनी आणि इटलीतल्या. ८०० पाहून तोंड वाकडं करू नका, तीही खरी चांदीच आहे, फक्त मिश्रण जास्त.

इंग्लंडच्या वस्तूंवर आकड्याऐवजी चित्रं असतात. चालणारा सिंह, पुढचा एक पाय उचललेला, हे स्टर्लिंगचं चिन्ह १५४४ पासून चालत आलंय. त्याच्या शेजारी गावाचं चिन्ह: लंडनचं बिबट्याचं तोंड, बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर, शेफील्डचा आधी मुकुट आणि १९७५ पासून गुलाब. तिसरं अक्षर वर्षाचं, चौथी आद्याक्षरं घडवणाऱ्याची. १७८४ ते १८९० या काळात कर भरल्याची खूण म्हणून राजा किंवा राणीचं मस्तकही उमटवत. १९९९ पासून तिथे आकडा सक्तीचा झाला आणि सिंह ऐच्छिक. फ्रान्समध्ये १८३८ पासून शिरस्त्राण घातलेल्या मिनर्व्हा देवीचं मस्तक येतं, सोबत १ असेल तर ९५० आणि २ असेल तर ८००. जर्मनीत १८८८ पासून चंद्रकोर आणि मुकुट, शेजारी आकडा. झारकालीन रशियात ८४ लिहीत, कारण त्यांचं माप ९६ भागांचं होतं. ९६ पैकी ८४ म्हणजे आपल्या हिशेबाने ८७५. अमेरिकेत सरकारी तपासणीची परंपरा नाही, तिथे घडवणाराच ‘स्टर्लिंग’ असा शब्द उमटवतो. खोटा शिक्का मारण्यावर १९०६ च्या केंद्रीय कायद्याने बंधन आणलं. भारतात खुणेत बीआयएस या सरकारी मानक संस्थेचं त्रिकोणी चिन्ह आणि शुद्धतेचा आकडा असतो.

फसवे शिक्के, इथे थांबून वाचा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो.

एका काट्याच्या दांड्यामागे चार छोट्या ढाली ओळीने आहेत असं समजा. प्रत्येक ढालीत एकेक वळणदार जुन्या धाटणीचं रोमन अक्षर. लांबून पाहिलं तर हुबेहूब इंग्लंडचा अस्सल शिक्का वाटतो. भिंग लावून अक्षरं वाचली की ती निघतात ई, पी, एन आणि एस. याचा अर्थ निकेल सिल्व्हर या बिनचांदीच्या मिश्रधातूवर विजेने चढवलेला मुलामा. मुलाम्याच्या वस्तू बनवणारे ही अक्षरं मुद्दाम अशा ढालींत बसवत, म्हणून ढाली मोजू नका, अक्षरं वाचा. ई-पी-बी-एम असेल तर खाली ब्रिटानिया मेटल आहे, म्हणजे कथील, अँटिमनी आणि थोडं तांबं. ए-वन, ट्रिपल प्लेट, क्वाड्रुपल प्लेट हे शब्द मुलामा किती जाड ते सांगतात. तो मुलामाच आहे हे मात्र त्यांतून पक्कं होतं.

ब्रिटानिया या शब्दाशी जपून. ब्रिटानिया मेटलमध्ये चांदीचा कणही नाही. ब्रिटानिया सिल्व्हर मात्र ९५८, म्हणजे स्टर्लिंगपेक्षाही सरस. १६९७ ते १७२० या काळात इंग्लंडमध्ये भांड्यांसाठी तेच प्रमाण सक्तीचं होतं. त्यावर चालत्या सिंहाऐवजी बसलेल्या स्त्रीची आकृती असते.

जर्मन सिल्व्हर, निकेल सिल्व्हर, अल्पाका, अर्जेंटान ही सगळी एकाच मिश्रधातूची नावं: तांबं, जस्त आणि निकेल. रंग चांदीसारखा, एवढाच त्या नावातल्या चांदीचा संबंध. तिबेटी सिल्व्हर म्हणून जे विकलं जातं त्यातही बहुधा चांदी नसते.

सुटा ९० हा आकडा लोकांना हमखास चकवतो. जर्मन चमच्यावर ९० दिसला की नव्वद टक्के चांदी असं वाटतं. मीही पहिल्यांदा तसंच वाचलं होतं आणि एक अख्खी पेटी चुकीच्या ढिगात टाकली होती. तो आकडा ग्रॅमचा आहे. बारा चमचे आणि बारा काटे मिळून ९० ग्रॅम चांदीचा मुलामा दिलाय एवढंच तो सांगतो. भागाकार केला की एका नगावर पावणेचार ग्रॅम, आणि तेही नवा असताना. ९०० आणि ९० यांतलं ते एक शून्य दोनदा पाहा.

‘१८४७ रॉजर्स ब्रदर्स’ असं लिहिलेलं दिसलं तर तो चमचा १८४७ सालचा नाही. ते साल ब्रँडच्या नावाचाच भाग आहे, आणि त्या नावाचे चमचे मुलाम्याचे असतात.

काहीच शिक्का नसेल तर? त्यावरून कुठलाच निष्कर्ष काढू नका. जुने गावठी कारागीर शिक्का मारत नसत, आणि कितीतरी खूण नसलेले नग अस्सल चांदीचे निघतात. ते बाजूला ठेवा, पुढच्या पायऱ्या मुख्यतः त्यांच्यासाठीच आहेत.

झिजलेल्या जागा

मुलामा नेहमी ठरावीक जागी आधी उडतो. चमचा टेबलावर ठेवला की वाटीचा जो फुगीर भाग टेकतो तो, काट्याच्या दातांची टोकं, दांड्याचं मागचं टोक, तबकाची कड. तिथे रंग बदललेला दिसतो का पाहा. पिवळट असेल तर खाली पितळ, लालसर असेल तर तांबं, राखाडी किंचित पिवळसर असेल तर निकेल सिल्व्हर. चांदीची वस्तू झिजली तरी आतून तोच रंग निघतो, फक्त आकार पातळ होतो. फोडासारखा पापुद्रा सुटलेला किंवा खाचेत हिरवट गंज दिसला तर मुलाम्याचा संशय धरा. स्टर्लिंगमधल्या तांब्यामुळेही कधी कधी हिरवा डाग येतो, तेव्हा एवढ्यावरच निकाल देऊ नका.

काळं पडणं ही मात्र कसोटी नाही. हवेतल्या गंधकाशी चांदीचा संयोग होऊन काळा थर बसतो, आणि मुलाम्यावरही वरून चांदीच असते, म्हणून दोन्ही सारखेच काळवंडतात. उलट कित्येक वर्षं बंद पेटीत पडूनही आरशासारखी राहिलेली वस्तू बहुधा स्टेनलेस स्टीलची किंवा क्रोमची असते.

लोहचुंबक

चिकटलं तर चांदी नाही. नाही चिकटलं तर काहीच कळलं नाही, कारण तांबं, पितळ, निकेल सिल्व्हर आणि स्टीलचे काही प्रकारही चिकटत नाहीत. सुरीचं पातं चिकटलं म्हणून सुरी टाकून देऊ नका, पातं स्टीलचंच असतं. मूठ वेगळी तपासायची.

गरम पाणी

ही मला आवडणारी चाचणी, कारण ती बोटांना थेट कळते. खात्रीने स्टेनलेस स्टीलचा एक चमचा आणि संशयातला चमचा एकाच पेल्यात कडक गरम पाण्यात उभे करा आणि दोघांचे दांडे बोटांत धरा. चांदी उष्णता फार वेगाने वाहून नेते. संशयातला दांडा थोड्याच वेळात चटका देऊ लागला आणि स्टीलचा अजून थंड असला तर निकेल सिल्व्हरची शक्यता जवळपास संपते, कारण निकेल सिल्व्हर उष्णता वाहण्यात चांदीपेक्षा फारच मागे आहे. अडचण तांब्याची. तांबं याबाबतीत चांदीच्या अगदी पाठोपाठ असल्यामुळे तांब्यावर मुलामा दिलेला चमचाही तसाच तापतो. बर्फ ठेवून किती लवकर वितळतो ते पाहायची युक्तीही याच तत्त्वावर चालते आणि तिथेही तांबं तसंच चकवतं. शिवाय ही परीक्षा फक्त भरीव चमच्या-काट्यांवर करा. पोकळ मुठीच्या सुऱ्या आणि आतून भरलेल्या वस्तू गरम पाण्यात बुडवू नका, आतली राळ सुटते.

पाण्यात वजन: घरी होणारी सर्वांत खात्रीची चाचणी

चांदी जड असते. एक घन सेंटिमीटर शुद्ध चांदीचं वजन साधारण १०.५ ग्रॅम, स्टर्लिंगचं १०.३ ते १०.४, ८०० चांदीचं १०.१ च्या आसपास. तांबं ८.९६, निकेल सिल्व्हर साधारण ८.७, पितळ साडेआठच्या आसपास, स्टील आठच्याही खाली, ब्रिटानिया मेटल ७.३. म्हणजे चांदी आणि तिच्या सोंगांमध्ये भरपूर अंतर आहे, आणि साधा काटा ते पकडू शकतो.

कृती अशी. चमचा कोरडा करून त्याचं वजन लिहून घ्या. मग काट्यावर पाण्याने पाऊण भरलेला पेला ठेवा आणि काटा शून्यावर आणा. चमच्याला बारीक दोरा बांधून तो पाण्यात पूर्ण बुडवा, पण बुडाला किंवा काठाला टेकू देऊ नका. हात स्थिर ठेवा. काट्यावर जो आकडा येईल तेवढे घन सेंटिमीटर चमच्याचं आकारमान. पाणी चमच्याला वर ढकलतं आणि चमचा पाण्याला तेवढंच खाली दाबतो, तोच दाब काटा दाखवतो. आता पहिल्या वजनाला या आकड्याने भागा.

एक मोठा चमचा घेऊ: कोरडं वजन ६८.४ ग्रॅम, पाण्यात काट्यावर ६.६. भागाकार १०.३६, म्हणजे स्टर्लिंगच्या नेमक्या जागी. त्याच नक्षीचा शेजारचा चमचा ६१.० ग्रॅमचा, पाण्यात ७.० दाखवतो. भागाकार ८.७. हा निकेल सिल्व्हरवरचा मुलामा. हातात घेतल्यावर दोघांत फरक जाणवत नव्हता.

फक्त पूर्ण ग्रॅम मोजणारा स्वयंपाकघरातला काटा इथे उपयोगाचा नाही. ६.६ ऐवजी तो कधी ६ दाखवेल, कधी ७, आणि उत्तर ११.४ पासून ९.८ पर्यंत कुठेही जाईल. दशांशाचा काटा मिळत नसेल तर एकाच शिक्क्याचे, एकाच नक्षीचे सहा चमचे दोऱ्याने जुडीत बांधून एकदम बुडवा, चूक विभागली जाते. बुडवल्यावर चमच्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे हलवून सोडवा. ते राहिले तर आकारमान जास्त दिसतं आणि खरी चांदीही हलकी ठरते. पोकळ मूठ, आत भरलेलं बूड, लाकडी दांडा असलेली वस्तू यात बसत नाही. आणि भागाकार ११ च्या वर गेला तर आधी मोजमाप पुन्हा करा. तरीही तोच आला तर शिशाचा संशय घ्या.

आतून भरलेल्या आणि पोकळ वस्तू

मेणबत्तीचे उंच स्टँड, फुलदाणी, मिठाच्या डब्या यांच्या बुडाशी ‘वेटेड’, ‘रीइन्फोर्स्ड’ किंवा ‘सिमेंट फिल्ड’ असे शब्द शोधा. शेजारी ‘स्टर्लिंग’ लिहिलेलं असतं आणि ते खोटं नसतं. पण चांदी म्हणजे वरचं कागदासारखं पातळ कवच, आत राळ, प्लास्टर किंवा सिमेंट. अर्धा किलोचा स्टँड हातात जड लागतो आणि सोलल्यावर चांदी त्याच्या अगदी छोट्या हिश्श्याएवढी निघते. त्याचं एकूण वजन कधीच हिशेबात धरू नका.

सुऱ्यांचंही तेच. स्टर्लिंगची मूठ पोकळ असते, आत राळेसारखा भराव आणि पात्याचं शेपूट. एका जेवणाच्या सुरीत चांदी साधारण पंधरा-वीस ग्रॅम भरते, मग अख्खी सुरी कितीही जड असो.

हिशेब

आता फक्त भरीव आणि खात्रीचे नग घ्या, आणि प्रत्येक शुद्धतेचा ढीग वेगळा करा. वजन गुणिले शुद्धता. ६८ ग्रॅमचे सहा स्टर्लिंग चमचे म्हणजे ४०८ ग्रॅम, त्याला ०.९२५ ने गुणलं की ३७७.४ ग्रॅम शुद्ध चांदी. तेच ८०० चे असते तर ३२६.४. याला त्या दिवशीच्या शुद्ध चांदीच्या ग्रॅममागच्या भावाने गुणा. मिळालेला आकडा ही वरची मर्यादा. विकत घेणारा गाळणीचा खर्च, तूट आणि स्वतःचा नफा वजा करणारच, आणि ते रास्त आहे. किती वजा करतो ते मात्र दोन-तीन ठिकाणी विचारून पाहा.

भाव औंसात दिला असेल तर तो ट्रॉय औंस असतो, ३१.१ ग्रॅमचा. स्वयंपाकघरातल्या काट्यावरचा औंस २८.३५ ग्रॅमचा. हे दोन एकमेकांत मिसळले तर जवळजवळ दहा टक्क्यांची चूक होते, म्हणून मी सांगेन की सगळं ग्रॅममध्येच करा.

मुलाम्याच्या नगांना या हिशेबात शून्य धरा. चांदी त्यांच्यावर आहे, पण थोड्या नगांवरून ती सोडवून काढायचा खर्च तिच्या मोलापेक्षा जास्त होतो. ते रोजच्या वापरात आणा किंवा नक्षीसाठी विका.

तेजाब आणि यंत्र

एवढं करूनही संशय उरला तर जाणकाराकडे जा. तेजाबाच्या परीक्षेत वस्तूला न दिसणाऱ्या जागी कानशीने खाच पाडतात आणि आतल्या धातूवर थेंब सोडतात. खाच न पाडता वरूनच थेंब टाकला तर मुलामाही चांदी म्हणूनच उत्तर देतो, म्हणून तशी परीक्षा मानू नका. नुसत्या नायट्रिक आम्लाने तांब्याचे मिश्रधातू हिरवे फेसाळतात. चांदी तपासायच्या खास द्रावणात डायक्रोमेट असतं, त्याने चांगल्या चांदीवर रक्तासारखा लाल डाग उठतो. ते डायक्रोमेट विषारी आणि कर्करोगकारक आहे. ही बाटली घरी आणू नका, हे मी आग्रहाने सांगतो.

एक्स-रे यंत्राने खाच न पाडता शुद्धता कळते, पण ते फक्त वरचा पातळ थर वाचतं. जाड मुलामा असेल तर ते बेधडक ९९ टक्के चांदी दाखवतं. तपासणाऱ्याला झिजलेल्या जागेवर, शक्य तर दोन-तीन ठिकाणी वाचन घ्यायला सांगा. सोबत तुमचा पाण्यातल्या वजनाचा भागाकार दाखवा. दोन्ही जुळले तर प्रश्न मिटला.

वितळवण्याआधी

काही नगांचं मोल धातूपेक्षा कितीतरी जास्त असतं. जॉर्ज जेन्सन, पॉल स्टॉर, हेस्टर बेटमन अशा कारागिरांचे शिक्के संग्राहक शोधत असतात. १८४० नंतर विजेचा मुलामा येण्याआधी तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा पत्रा जोडून करत ते जुनं शेफील्ड प्लेटही, धातू म्हणून मोल नसलं तरी, जुन्या वस्तूंच्या बाजारात किंमत राखून आहे. छोट्या मिठाच्या चमच्याची वाटी आतून सोनेरी असेल तर तो रंग नव्हे, मिठाने चांदी खाऊ नये म्हणून चढवलेलं सोनं असतं. ते घासू नका. १९८० च्या सुरुवातीला चांदीचा भाव आकाशाला भिडला तेव्हा कितीतरी उत्तम जुनी भांडी निव्वळ वजनावर भट्टीत गेली, याची हळहळ अजून व्यक्त होते. तेव्हा शिक्का ओळखता आला नाही तर त्याचा स्पष्ट फोटो काढून जुन्या चांदीच्या जाणकाराला दाखवा, मगच वजनाचं बोला.

विकायला नेताना प्रत्येक ढिगाचं वजन, शिक्का आणि भागाकार कागदावर लिहून न्या आणि वजन तुमच्यासमोर व्हावं असा आग्रह धरा. कापून पाहायचंच असेल तर सर्वांत झिजलेला, वाकलेला नग पुढे करा. बाकीचे मऊ सुती कापडात गुंडाळा. जुड्या बांधायला रबरबँड मात्र वापरू नका: रबरातल्या गंधकाने चांदीवर काळा पट्टा उमटतो आणि तो कापडातूनही उमटतो.